स्वस्तातल्या टायरचा निकाल

दुकानामागची खोली,
दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईनं ते आधी मनातल्या मनात वाचलं, मग मला वाचून दाखवलं, मग तुझ्या बाबाला. तो तेव्हा गिऱ्हाइकाच्या चाकात हवा भरत होता, त्यामुळे पंपाच्या वर आवाज चढवून वाचावं लागलं. आता समोरच्या शिंप्यालाही तुझी सगळी बातमी ठाऊक आहे. माझा इलाज नव्हता. होता, पण मी केला नाही.

हे पत्रसुद्धा नेहमीसारखं मी सांगते आहे आणि तुझी आई लिहिते आहे. दिवसभर फळ्यावर लिहून आलेल्या मास्तरीणबाईला घरी पुन्हा लिहायला बसवते म्हणून तू मला नावं ठेवशील. ठेव. मला अक्षर आलं नाही यात माझा फायदाच झाला. जन्मभर कोणी ना कोणी माझ्या शेजारी येऊन बसत राहिलं.

तर तू लिहितेस ते मला नीट कळलं का बघ. तुम्ही साऱ्या मुली सायकलवरून गावोगावच्या दवाखान्यातून रक्ताच्या नळ्या गोळा करता आणि शहरातल्या लॅबमध्ये पोचवता. तुमच्या सायकलींचे टायर आता गुळगुळीत झालेत. एक व्यापारी स्वस्तातले टायर द्यायला तयार आहे. ते डांबरी रस्त्यावर आणि पुलापलीकडच्या खडीवर, दोन्हीकडे चालतात का, हे तू वापरून बघायचं आणि तुमच्या मोठ्या बाईंना सांगायचं. तू चालतील म्हणालीस तर सगळ्यांना तेच. नाही म्हणालीस तर महागातले घ्यावे लागतील, ते सगळ्या सायकलींना पुरणार नाहीत, आणि मग पुलापलीकडची फेरी बंद. तिकडच्या लोकांनी रक्त तपासायला आपल्या पायांनी शहरात यायचं.

तुझ्या आईचं म्हणणं, एवढं ओझं नव्या मुलीच्या डोक्यावर द्यायला नको होतं. माझं म्हणणं, डोकं बरोबर निवडलं. सायकलच्या दुकानात रांगायला शिकलेली दुसरी कोण आहे त्यांच्याकडे? शिंपी म्हणाला, टायर तो टायर, त्यात काय बघायचं. मी विचारलं, मग तुझ्या सगळ्या सुया एकच का? तेव्हा तो दोरा ओवायला लागला.

माझं मत विचारशील तर स्वस्त टायर म्हणजे उन्हात विसरलेली काकडी. पण माझं मत मधे आणू नकोस, तुझ्या हातानं बघ. आतून बोटं फिरव, कुठं तार टोचते का. कडा ओढून बघ. वाकवून बघ, रबराला भेगा पडतात का. आणि हवा आपल्या दुकानासारखी भर. अंगठा जोरात दाबल्यावर अंगठा दुखला पाहिजे, टायर दबता कामा नये. तुझ्या आजोबांनी एवढी वर्षं याच एका गोष्टीवर दुकान चालवलं. आपल्याकडून हवा भरून गेलेली सायकल गल्लीत नुसत्या आवाजावरून ओळखू यायची.

लोभ आहे तसा राहू दे. वाढलाच तर आम्ही तक्रार करणार नाही.

तुझी,
आजी

(लिहिणारीकडून: हेल्मेटचा पट्टा लावतेस ना? नुसतं डोक्यावर ठेवलेलं चालत नाही. आई)


सायकलींच्या शेडशेजारची खोली,
दि. १७ फेब्रुवारी

ती. आजी, आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

आजी, तू सांगितलंस तसं सगळं केलं. बोटं फिरवली, तार कुठं टोचली नाही. कडा सरळ आहेत. रबर जरा जाड आणि जड आहे, नव्या चपलेसारखा वास येतो. मधोमध बारीक नक्षी आणि दोन्ही काठांना रबराचे गोटे, म्हणजे डांबरावर सरळ पळावं आणि खडीवर काठानं धरावं असा विचार केलेला दिसतो. बाजू मात्र पातळ आहे, दोन बोटांत सहज दुमडते. हवा मी आपल्या पद्धतीनं भरली. अंगठा दुखेपर्यंत.

डांबरावर वाईट नाहीत. सुरुवातीला जरा ओढल्यासारखं वाटतं, चढावर मांड्या बोलतात, पण वळणावर भरवसा वाटतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तरी सरळ थांबले.

आई, आता पुढचं वाचताना आवाज बदलू नकोस, आजीला कळतं. पुलापलीकडे, दगडाच्या खाणीच्या अलीकडच्या वळणावर पुढचं चाक सरकलं आणि मी पडले. कोपर खरचटलं, गुडघ्याला लागलं. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सताईंनी धुऊन पट्टी केली. पडताना मी नळ्यांची पेटी वर धरली होती, त्यामुळे सगळं वजन कोपरावर आलं, पण एक नळी फुटली नाही. दुसऱ्या फेरीला त्याच वळणावर पुन्हा सरकलं. पडले नाही, पाय टेकवला. तिसऱ्या वेळी मी उतरून चालत गेले.

त्यामुळे परवाच्या बैठकीत मी मोठ्या बाईंना सांगितलं, डांबराला ठीक आहेत, खडीला घेण्यासारखे नाहीत. एका दमात सांगितलं. मोठ्या बाईंनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, माझं घरच सायकलचं आहे. मग कोणी काही विचारलं नाही. पुलापलीकडची फेरी पुढच्या महिन्याअखेर बंद होणार असं ठरलं. हे नर्सताईंना सांगायचं काम माझ्याकडेच आलं. त्या बरं म्हणाल्या आणि चहा करायला आत गेल्या. बराच वेळ लागला त्यांना चहाला.

बाबांना सांगा, पाठवलेला पंप छान चालतो.

तुमच्या मायेला पात्र राहीन अशी खटपट करणारी,
भिंगरी


दुकानामागची खोली,
दि. २५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू आईला आवाज बदलू नकोस म्हणालीस, तो तिनं बदलला नाही. तिनं सरळ तेवढा भागच गाळला. वाचता वाचता थांबली, पाणी प्यायला आत गेली, आणि परत आली ती एकदम बैठकीवरच पोचली. मी कागद हातात मागितला. मला वाचता येत नसेल, पण पानाच्या कुठल्या भागावर तिचा डोळा होता आणि कुठं उडी मारली ते दिसतं. मी त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, इथून. तेव्हा तुझं पडणं ऐकायला मिळालं. आता हे वाक्यही ती लिहिते आहे आणि तिचं नाक लाल झालंय. ते मात्र तिला लिहायचं नव्हतं. मी लिहायला लावलं.

पडल्याचं वाईट वाटलं. पण पेटी वर धरलीस हे ऐकून मी इतकी फुगले की माझ्याच चाकातली हवा कमी करावी लागेल. दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगते आहे. पोस्टमन तर म्हणाला, आजी, हे मीच आणलेलं पत्र आहे ना, मग मला तिसऱ्यांदा का सांगता? म्हटलं, आणणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

टायर नापास केलेस ते ऐकून तुझ्या बाबानं मान डोलावली. काकडीचं मी आधीच म्हटलं होतं, पण ते मी आता पुन्हा काढणार नाही. एवढंच काढलं.

पण एक विचारते. तुझ्या पत्राच्या शेवटी शेवटी तू हळू बोलायला लागलीस. तुझ्या आईच्या वाचण्यातूनही मला ते ऐकू आलं. आपल्या मनाला पटलेला निकाल दिला की माणूस जरा मोकळं होतं, दोन घास जास्त जातात. तुला तसं झालेलं दिसत नाही. नर्सबाईंना चहाला का वेळ लागला हे तुलाही कळलंय, ते असू दे. पण आणखी काही खुपत असेल तर लिही. आई गाळणार नाही. मी शेजारी बसून बोट धरून ऐकेन.

खुशाली कळवायला उशीर करू नकोस, इथं सगळे दाराकडे बघत असतात.

तुझी,
आजी

(कोपर वाकवताना दुखतं का? खरं सांग. आणि मी रडले नव्हते, सर्दी आहे. आई)


सायकलींच्या शेडशेजारची खोली,
दि. ८ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

आई, कोपर वाकतं, न दुखता.

आजी, तुला कसं कळतं कोण जाणे. खुपतंय. सांगते.

आमच्यात एक उंच मुलगी आहे. तिला आम्ही शिडी म्हणतो, तीही म्हणते. तुलना व्हावी म्हणून स्वस्तातल्या टायरची एक जोडी तिच्याही सायकलला लावली होती. ती त्याच रस्त्यानं, त्याच वळणानं जाते, आणि एकदाही घसरली नाही. मला आधी वाटलं, सांभाळून चालवत असेल. पण शिडी आणि सांभाळून? ती वळणावर गाणं म्हणते आणि एक हात सोडून केस सारखे करते.

परवा शेडमध्ये तिची सायकल उभी होती. सवयीनं मी पुढच्या चाकावर अंगठा ठेवला. तो आत गेला. मी तिला झापलं, म्हटलं, हवा भरायचा इतका कंटाळा? ती म्हणाली, हो, फारच. आणि झापता झापता माझी जीभ अडकली. तिचं चाक मऊ म्हणून तिला वळण धरतं. माझं चाक दगडासारखं, ते खडीवरून उड्या मारत जातं आणि उडीत असताना वळवलं की सरकतं.

मी माझ्या चाकातली हवा थोडी सोडली आणि त्याच वळणावर गेले. आजी, चाक खडीवर बसल्यासारखं गेलं. काठाचे गोटे पहिल्यांदा कामाला लागले. मी परत फिरून पुन्हा गेले. अंगावर शहारा आला, आनंदाचा आणि लाजेचा एकदम.

शिडीचंही सगळं बरोबर नाही. ती इतकी कमी हवा ठेवते की मोठा दगड आला की ट्यूब रिमवर चेंगरते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तिच्या ट्यूबला जागोजाग जोडठिगळं आहेत. म्हणजे खरी जागा आमच्या दोघींच्या मधे कुठंतरी आहे. सध्या मला असं जमलंय: पुढच्या चाकात अंगठा जरासा बुडावा, मागच्यात त्याहून कमी, कारण वजन मागं असतं. पुलाच्या अलीकडे डांबर आहे तोवर आपली नेहमीची हवा.

म्हणजे टायर नापास नव्हता. मी त्याला नापास केला. आता पुढची बैठक महिन्याअखेरीला आहे, त्यानंतर फेरी बंद. बैठकीत उठून काय सांगू? घरच सायकलचं आहे म्हणून मिरवले आणि हवाच चुकीची भरली? आणि आता चालतील म्हटलं आणि कोणी माझ्या शब्दावर त्या वळणावर आपटली तर? पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा चुकणार नाही हे कशावरून? गप्प बसले तर कोणाला काही कळणार नाही, शिडीलासुद्धा. तिला वाटतं तिचं नशीब चांगलं.

आणखी एक. अंगठा दुखला पाहिजे हे आजोबांचं. ते मला बैठकीत सगळ्यांसमोर काढायचं नाही. म्हणून हे सगळं तुला आधी लिहिते आहे.

तुझ्या उत्तराची आस धरून बसलेली,
भिंगरी


दुकानामागची खोली,
दि. १६ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ऐकलं आणि खरं सांगते, मला राग आला. अंगठ्याचं ऐकून. त्या दिवशी मी तुझ्या बाबाशी बोलले नाही. त्याचा काही संबंध नव्हता, पण तो समोर होता. तोही शहाणा, त्यानं विचारलं नाही, चहा ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी राग शिळा झाला. म्हटलं, नुसतं तोंडानं कशाला भांडायचं, बघूच. मालगोदामामागं तो खडीचा रस्ता आहे, तिथं एक वळणही आहे. तुझ्या बाबाचा गुडघा कुरकुरतो. मी बसले असते, पण मला चढवायला आणि उतरवायला चार माणसं लागली असती. उरली कोण? मास्तरीणबाई.

तिनं आधी नाही म्हटलं. लग्नानंतर सायकलला हात लावला नाही, साडी आहे, वह्या तपासायच्यात, मुलं बघतील, शाळेत कळेल. मी म्हटलं, तुझी लेक जिथं पडली तो रस्ता कसा असतो हे तुला बघायचं नाही का? तशी ती उठली. आत गेली आणि सलवार घालून आली.

बाबानं आधी आपल्या पद्धतीनं हवा भरली, अंगठा दुखेल अशी. मी वळणाशी स्टुलावर बसले. तुझी आई थोडं अंतर सरळ आली, वळणावर चाक थरथरलं, तिनं किंकाळी फोडली आणि उतरून उभी राहिली. गोदामातले हमाल बघायला बाहेर आले. मग बाबानं तू लिहिलंस तशी हवा सोडली, पुढं जास्त, मागं कमी. मी स्वतः अंगठा लावून बघितला. मला ते चाक हातात धरायला नको वाटलं, पिकलेल्या फळासारखं. पण तुझी आई त्याच वळणावरून गेली, अशी गेली की खडीच्या आवाजातही बदल झाला. आधी टणटण होत होती, आता चुरचुर. मी तिला थांब म्हटलं. ती थांबली नाही. पुन्हा फिरून आली. मग पुन्हा. कोणी सांगितलं नव्हतं. हमालांनी टाळ्या वाजवल्या आणि तिनं मान ताठ करून त्यांना अजून एक फेरी मारून दाखवली. एवढी वर्षं ही बाई माझ्या घरात आहे आणि मला ठाऊकच नव्हतं. आता ती लिहिताना हसते आहे. मी तुला फक्त सांगते.

तर ऐक. तुझे आजोबा चुकले नव्हते. आपल्याकडे यायचे ते पोती वाहणारे, दुधाचे कॅन अडकवणारे, आणि सगळे डांबरावरून. त्या चाकाला टणक हवाच लागते. तुझा रस्ता दुसरा आहे. बैठकीत आजोबांचा अंगठा काढावासा वाटला तर खुशाल काढ, घरात असं शिकले म्हण. त्यांचं नाव माझ्याजवळ नीट ठेवलेलं आहे. ते तुझ्या चाकात भरलेलं नाही, तू हवा सोडलीस म्हणून ते निघून जाणार नाही.

कोणी आपटली तर, असं विचारतेस. म्हणून तर सगळं सांग. टायर कुठं चालतो ते, कुठं चालत नाही ते, हवा किती ते, आणि आधी तू कुठं फसलीस तेही. अर्धं सांगशील तर कोणीतरी पडेल. लाज वाटेल, वाटू दे. बैठकीतली लाज तुमच्या शेडच्या दारापर्यंत राहते. नर्सबाईंचा चहा मात्र रोज तुझ्या डोळ्यासमोर येत राहील.

जा आणि उभी राहा. इथून आम्ही उभे आहोतच. मी स्टुलावर.

माया आहे ती कमी पडली तर मागून घे, उधारीवर देऊ.

तुझी,
आजी

(मी वळण घेतलं. तू पडलीस ते ऐकल्यापासून तो रस्ता रोज डोळ्यासमोर यायचा, आता येत नाही. बाबांना म्हटलंय, माझ्यासाठी एक सायकल काढून ठेवा. आणि हेल्मेटही. आई)


सायकलींच्या शेडशेजारची खोली,
दि. २ एप्रिल

ती. आजी, आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

झाली बैठक. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी दिलेला निकाल चुकीचा होता. टायर वाईट नाहीत, हवा मी जास्त भरली होती."

शेडची किल्ली सांभाळणारे काका हसले, म्हणाले, घर सायकलचं म्हणे. मी म्हटलं, हो, घरात डांबरापुरतं शिकले होते, खडी इथं शिकले. मग सगळं सांगितलं. डांबरावर हे टायर जड चालतात, लांबच्या फेरीला दमवतात. मागचा लवकर झिजेल, तेव्हा पुढचा मागं आणि मागचा पुढं करावा लागेल. खडीवर हवा सोडली तर पकड चांगली, न सोडली तर माझं कोपर बघा. फार सोडली तर शिडीची ट्यूब बघा. बाजू पातळ आहे, म्हणून खाणीजवळ जिथं नुकते फोडलेले धारदार दगड असतात तेवढ्या तुकड्यात उतरून चालायचं, तिथं मी कोणाला हमी देणार नाही. बाकी रस्त्याला देते.

शिडी मधेच उठली आणि म्हणाली, म्हणजे माझं नशीब वगैरे काही नव्हतं? तिला जरा वाईटच वाटलं.

मोठ्या बाई बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसल्या. मग म्हणाल्या, मागच्या वेळी निकाल एका दमात दिला होतास, या वेळी माझा चहा गार झाला, म्हणून हा खरा वाटतो. तरी त्या नुसत्या शब्दावर गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या पुलापर्यंत गेलो, एकेकीला वळणावरून पाठवलं, आधी कडक हवेनं, मग सोडून. बाईंनी शेवटी स्वतः चालवली. शेडमध्ये आल्यावर फळ्यावर लिहिलेलं 'फेरी बंद' त्यांनीच पुसलं.

आता स्वस्तातलेच टायर येणार आहेत. पुलाच्या अलीकडे चौकीदाराच्या खोलीत एक पंप साखळीनं बांधून ठेवलाय. पलीकडे जाताना प्रत्येकीनं तिथं थांबून हवा सोडायची, येताना भरायची. पहिले काही दिवस मी तिथं उभी राहून प्रत्येकीचं चाक बघते. शिडी म्हणते मी नाक्यावरच्या जकातवाल्यासारखी दिसते.

काल फेरीला गेले. नर्सताईंना सांगितलं, बंद होत नाही. त्या म्हणाल्या, चहा घेणार का. या वेळी चहा लगेच आला.

तुमची आठवण रोज काढणारी,
भिंगरी


दुकानामागची खोली,
दि. ११ एप्रिल

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईनं पत्र वाचलं आणि फळा पुसला ती ओळ आल्यावर तुझा बाबा पंप टाकून उठला. मला वाटलं गुडघा गेला. तो म्हणाला, पुन्हा वाच. मग आम्ही पुन्हा वाचलं. शिंप्याला ऐकवायची गरज पडली नाही, तो दारातच उभा होता.

आता दुकानाची गंमत ऐक. परवा एक वीटभट्टीवाला आला. स्वस्तातले टायर घातलेली सायकल, म्हणाला फेकून द्यायची आहे, खडीवर पाडते. बाबा काही बोलायच्या आत मी विचारलं, कुठल्या रस्त्यानं जाता? तो म्हणाला, तुम्हाला काय करायचंय, हवा भरा. मी बाबाला म्हटलं, भरू नकोस, सोड. तो माणूस असा चिडला की विचारू नकोस. हवा भरायच्या दुकानात हवा काढतात, म्हातारीचं डोकं फिरलं, असं बोलत गेला. पण सायकलवर बसून गेला.

काल परत आला. सायकल बाहेर उभी केली आणि अगदी आवाज खाली आणून विचारलं, आजी, हे तुम्हाला कोणत्या इंजिनिअरनं सांगितलं? मी तुझं नाव सांगितलं. तुझं, मग तुझ्या बाबाचं, मग आजोबांचं, सगळं लांबलचक, आणि त्याला ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा. तो म्हणाला, बाकीच्या भट्टीवाल्यांनाही सांगायचंय, लक्षात राहणार नाही, लिहून द्या.

लिहून देणार कोण? मास्तरीणबाई शाळेतून येईपर्यंत त्याला बसवून ठेवलं. तिनं त्याला चिठ्ठीवर लिहून दिलं. मग मी म्हटलं, पंपाच्या वर भिंतीवरही लिही, खडूनं, मोठ्या अक्षरात, सगळ्यांना दिसेल असं. तिनं लिहिलं: डांबराला कडक, खडीला मऊ, आणि खाली तुझं नाव. मला वाचता येत नाही, पण तुझं नाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते मी विचारून घेतलं. सकाळी भिंत पुसायचं काम माझंच असतं. तेवढी जागा सोडून पुसते.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. आल्यावर लोभ समक्षच मोजून घे, आम्हाला पत्रात मावत नाही.

तुझी,
आजी